सूर्यभानचा गुलाबी पटका

वालूरच्या तालमीत माणसाची किंमत त्याच्या कमरेवरून ठरत असे. छाती किती भरलीय, गावात जमीन किती, दावणीला बैल किती, ही सगळी चौकशी दाराबाहेर. आत पाऊल टाकलं की कमरेला कोणत्या रंगाचा पटका आहे एवढंच बघायचं. नवा पोरगा आला की मुंजाजी वस्ताद स्वतःच्या हातानं त्याच्या कमरेला पांढरा पटका बांधत. काही वर्षं माती खाऊन तो तयार झाला की नागपंचमीला सगळ्यांसमोर पिवळा. आणि पिवळ्यांमधून एखाद्यालाच, तेही वस्तादांच्या मनात आलं तर, लाल. लाल पटकेवाल्याला खलिफा म्हणत. निजाम गेला, कचेरीतली उर्दूही हळूहळू निघाली, तेव्हा पिवळ्यांपैकी दिनकररावांनी सुचवून पाहिलं की आता खलिफा म्हणण्यापेक्षा उपवस्ताद म्हणावं. वस्ताद म्हणाले, "म्हणा की. पण उपवस्तादाला सलाम कोण करील?" विषय तिथंच मिटला.

पटक्याचे दस्तूर कडक होते. कुस्तीच्या हौदाची माती खणायची, तिच्यात ताक, तेल, हळद कालवायची ती पांढऱ्यांनी. व्यायाम झाला की खालच्या पटक्यानं वरच्या पटक्याचे पाय चेपायचे, मग वरचा पोरसवदा असो की खालचा पंचक्रोशीचा धनी असो. भिंतीला खुंट्या होत्या, त्यांवर पटके टांगायचे तेसुद्धा पायरीनं. बदाम घातलेलं दूध आधी खलिफाला, मग पिवळ्यांना, आणि घागर तळाला गेली की पांढऱ्यांना. वाटलेला बदाम सगळा तळाशी बसतो हे दस्तूर घालून देणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की पटका एकदाच बांधायचा. फाटला तर शिवायचा, विटला तर विटू द्यायचा, पण बाजारातून नवा आणून गुंडाळायचा नाही. वस्तादांच्या हातून आला तोच पटका, बाकीचं नुसतं कापड.

अशा तालमीत सूर्यभान पांढरा होता. नुसता पांढरा नव्हे, सगळ्यांत जुना पांढरा. पटका बांधला तेव्हा त्याला मिसरूड फुटायचं होतं. आता तो दोन लेकरांचा बाप झाला होता, कोरडवाहू तुकड्यात ज्वारी आणि तूर पिकवत होता, आणि तरीही रोज सकाळी शेंबड्या पोरांच्या रांगेत उभा राहून हौद खणत होता. त्याच्याबरोबरचे पिवळे झाले. त्याच्या मागून आलेले पिवळे झाले. वाल्मीकला तर लंगोट कसा कसायचा हे सूर्यभाननंच शिकवलं होतं, तो लाल होऊन खलिफा झाला. आता वाल्मीक ओट्यावर बसे आणि सूर्यभान त्याच्या पोटऱ्या चेपत असे.

सूर्यभानला कुस्तीतली एकच गोष्ट येत नव्हती, ती म्हणजे समोरच्याला पाडणं. पडण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. कुणाला नवा डाव शिकायचा असला की वस्ताद म्हणत, "सूर्यभानवर करून बग." धोबीपछाड असो, ढाक असो, कलाजंग असो, वालूरचा प्रत्येक पैलवान प्रत्येक डाव पहिल्यांदा सूर्यभानच्या अंगावर शिकला. आणि सूर्यभान उठायचा, कानातली माती झटकायचा, आणि म्हणायचा, "पाय जरा आत घे. आता पुन्ना कर."

हे सगळं तो हसतमुखानं करी, पण आत एक इच्छा होती आणि ती लपवण्याइतका तो हुशार नव्हता. वस्तादांनी एकदा, आपल्या हातानं, त्याच्या कमरेला वरचा पटका बांधावा. दर पंचमीला तो न्हाऊन, केस चापून, पोट आत ओढून रांगेत उभा राही. वस्ताद त्याच्याजवळ थांबत, खांद्यावर हात ठेवत आणि म्हणत, "औंदा नगं. पुढल्या पंचमीला बगू." पुढल्या पंचमीला पुन्हा तेच. घरी छबूबाई विचारी, "काय म्हनले?" तो म्हणे, "खांद्यावर हात ठिवला." छबूबाई भाकर थापताना ती जरा जास्तच जोरात थापी.

छबूबाईचं दुखणं वेगळं होतं. पटक्याची पायरी तालमीच्या दारात थांबत नव्हती, ती थेट आडावर जाई. वाल्मीकची बायको गोजरबाई घागर घेऊन आली की बाकीच्या बाया मागं सरत. मग पिवळ्यांच्या बायका भरत. पांढऱ्यांच्या बायका नव्हत्याच, कारण पांढरी सगळी पोरं होती. एकटी छबूबाई सोडून. तिचा नंबर पोरांच्या आयांबरोबर लागे, आणि त्या आया तिला "सूनबाई" म्हणत.

आता वस्तादांची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. मुंजाजी वस्तादांना बायको-लेकरू कुणी नव्हतं. तालमीतच निजायचं, तालमीतच चूल मांडायची. आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. हे तालमीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं आणि कुणीही ते तोंडातून काढत नव्हतं. वस्ताद आवाजावर कुस्ती ओळखत. पाठ मातीला लागली की तिचा आवाज ऐकून "वा" म्हणायचं की "हट्" म्हणायचं ते ठरवत, आणि शंभरात नव्वदवेळा बरोबर ठरवत. उरलेल्या दहावेळा पोरं त्यांच्या म्हणण्यासारखी पडत.

लपवण्याचं कारण होतं. तालमीची जागा किशनरावांची. किशनराव म्हणजे दिनकररावांचे वडील, गावातले मोठे जमीनदार. कापसाला भाव आल्यापासून त्यांना ती जागा डोळ्यांत सलू लागली होती. चावडीवर त्यांनी उघड बोलून दाखवलं होतं की, "मुंजाजीला दिसतंय तंवर तालीम. आंधळा वस्ताद काय शिकवनार? त्या दिशी मी कुलूप लावून कापूस भरनार." दिनकरराव स्वतः पिवळा पटका बांधणारे, तालमीवर जीव असलेले. तेसुद्धा बापासमोर या विषयावर मूग गिळून बसत. म्हणजे वस्तादांचे डोळे हेच तालमीचं छप्पर होतं आणि सगळ्यांनी मिळून ते धरून ठेवलं होतं.

त्या वर्षी पंचमीच्या आदल्या दिवशी छबूबाईनं सूर्यभानचा पटका धुवायला काढला. पटका वर्षातून एकदाच धूत, तो पंचमीला, त्यामुळं त्याच्याजवळ उभं राहायला काळीज लागे. छबूबाईनं तो गरम पाण्यात सोडा टाकून भिजवला, आणि त्याच पाण्यात भावानं सेलूच्या बाजारातून पंचमीला आणलेलं नवंकोरं लाल लुगडंही बुडवलं. दुकानदारानं शपथ घेऊन सांगितलं होतं की रंग पक्का आहे. तो रंग इतका पक्का निघाला की त्यानं पटका सोडलाच नाही.

संध्याकाळी सूर्यभान शेतातून आला आणि दोरीवर वाळत असलेल्या त्या वस्तूकडं बघत उभा राहिला. पटका धड लाल नव्हता, धड पांढरा नव्हता. लग्नात उधळलेल्या गुलालावर पाऊस पडावा तसा त्याचा रंग झाला होता.

"ह्ये काय केलंस ग?"

"म्या काय केलं? रंगानं केलं."

मग त्या रात्री सोडा झाला, रिठे झाले, ताक झालं, लिंबू झालं. सगळ्यांनी मिळून एवढंच साधलं की आधी ठिकठिकाणी डाग होते ते एकसारखे झाले. नवा पांढरा पटका बांधायचा तर दस्तूर आडवा. बिनपटक्याचं जायचं तर पंचमीच्या दिवशी वस्तादांचा अपमान. सकाळी सूर्यभाननं तोच गुलाबी पटका बांधला, वर सदरा ओढला, आणि चोरासारखा तालमीत शिरला.

पाया पडायला वाकला तेव्हा सदरा वर झाला. वस्ताद ओट्यावर बसलेले, त्यांच्या नाकासमोर हातभर अंतरावर तो पटका. त्यांनी डोळे बारीक केले. मान एकदा इकडं कलवली, एकदा तिकडं.

"लाल?" वस्ताद म्हणाले.

कुणी तरी म्हणायला हवं होतं की वस्ताद, लाल नाही, नीट बघा. पण "नीट बघा" हे दोन शब्द त्या तालमीत कुणीच उच्चारणार नव्हतं. वस्तादांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आपण याला लाल कधी बांधला, हे ते आठवत होते. ते आठवेना, आणि आठवत नाही हे कबूल करण्यापेक्षा त्यांनी मातीत पाठ टेकली असती.

"बरं बरं," ते म्हणाले. "मंग तू खाली कामून बसायलास? वर ये, वाल्मीकजवळ."

"वस्ताद, ह्यो धुन्यात..."

"वरच्या मानसानं धुन्यापान्याचं बोलू न्हाई. बस."

सूर्यभान ओट्याच्या कडेवर टेकला. वाल्मीक इंचभर बाजूला सरकला आणि वर्षभर त्याच्याशी एक शब्द बोलला नाही.

खरं सांगायचं तर वाल्मीकचा राग वाजवी होता. त्यानं लाल पटक्यासाठी दोनदा हाड मोडून घेतलं होतं, आणि ह्या गड्यानं तो धुण्यात मिळवला. पण खलिफाचं पहिलं काम वस्तादांची अब्रू राखणं. बोलायचं तर वस्ताद उघडे पडतात, न बोलायचं तर पोटात आग. वाल्मीकनं आग पसंत केली.

पिवळ्यांमध्ये मात्र मोठा खल झाला. एक म्हणाला, गुलाबी म्हणजे मळका पांढरा, आपण त्याचे पाय चेपायचं कारण नाही. दुसरा म्हणाला, गुलाबी म्हणजे फिका लाल, आणि लाल फिका असला तरी पिवळ्याच्या वरच. शेवटी दिनकरराव उठले. "वस्तादांनी वर बसवलं न्हवं? मंग दस्तूर म्हंजे दस्तूर," असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि सूर्यभानच्या पोटऱ्यांना हात घातला. ज्यांच्या शेतात सूर्यभान सुगीला मजुरीला जाई ते दिनकरराव त्याचे पाय चेपत होते. सूर्यभानला आधी लाज वाटली, मग गुदगुल्या झाल्या, आणि मग तो ओरडला, कारण दिनकररावांनी सगळा न पटलेला दस्तूर अंगठ्यात उतरवला होता.

"लागलं का, खलिफा?" दिनकररावांनी अदबीनं विचारलं.

"न्हाई, मालक," सूर्यभान डोळ्यांतलं पाणी पुसत म्हणाला.

दुधाचा पहिला पेला आता त्याच्याकडे येई. वर साय असे, खाली नुसतं पांढरं पाणी. इतकी वर्षं तळाचा बदाम खाल्लेल्या सूर्यभानला ते बेचव लागे. पोरं घागर चाटून पुसून खात तेव्हा तो ओट्यावरून तिकडं बघत बसे. पण खरी पंचाईत हौदात झाली. लाल पटकेवाल्याला पांढऱ्यांशी खेळता येत नाही, आणि पिवळे त्याला हात लावायला घाबरू लागले. याला पाडलं आणि आवाज ओळखून वस्तादांनी विचारलं, "कोन पडलं?" तर सांगायचं काय? त्यावर पिवळ्यांनी सोपा उपाय काढला. सूर्यभाननं हात लावला की ते आपापलेच पडू लागले. वस्ताद आवाज ऐकत आणि म्हणत, "वा, सूर्यभान, वा."

माणसाचं मन मोठं बेइमान असतं. पहिल्या महिन्यात सूर्यभानला हे सगळं कळत होतं. दुसऱ्या महिन्यात त्याला वाटू लागलं की पिवळे अगदीच उगाच पडत नसावेत, आपल्या हातातही काही तरी असणार. दिवाळीपर्यंत तो रस्त्यानं हात अंगापासून जरा लांब धरून चालायला लागला, मोठे पैलवान चालतात तसा. घराचं दार अरुंद आहे अशी तक्रार त्यानं छबूबाईकडं केली. छबूबाई म्हणाली, "दार हाय तेवडंच हाय."

तिचं आडावर बरं चाललं होतं. पहिल्या दिवशी ती आणि गोजरबाई एकदमच पोचल्या आणि दोघींच्या घागरी एकदमच दोराशी गेल्या. गोजरबाई म्हणाली, "आमचा लाल हाय." छबूबाई म्हणाली, "मंग आमचा काय हिरवा हाय?" बायांनी दोघींकडं बघितलं. शेवटी असं ठरलं की एका दिवशी गोजरबाईनं आधी भरायचं, दुसऱ्या दिवशी छबूबाईनं. सूनबाई म्हणणाऱ्या आया तिला आता "छबूबाई" म्हणू लागल्या. गावानं तो पटका विटलेला लाल धरून सोडून दिला होता; ते लुगडं मात्र तिनं पेटीच्या तळाशी घालून ठेवलं, कारण ते बघून कुणी हिशेब जुळवला असता.

अधूनमधून सूर्यभानला टोचणी लागे. पाहिजे होतं ते मिळालं होतं आणि तरीही मिळालेलं नव्हतं. वस्तादांनी बांधायचा होता, तो लुगड्यानं बांधला. एकदा त्यानं वस्तादांना एकट्यात गाठून सांगायचं ठरवलं. वस्ताद चुलीवर पिठलं हाटत होते आणि मीठ समजून पुन्हा पिठाच्याच डब्यात हात घालत होते. सूर्यभाननं मुकाट्यानं मिठाचा डबा त्यांच्या हाताखाली सरकवला आणि न बोलता परत आला.

मग पुढली पंचमी जवळ आली आणि झरीहून नारळ आला.

नारळ येणं म्हणजे आव्हान येणं. झरीचा व्यंकटी हा त्या साली सगळ्या परभणी भागात गाजत होता. ज्या गावी गेला तिथल्या खलिफाला त्यानं आकाश दाखवलं होतं. आता त्यानं वालूरच्या खलिफासाठी नारळ धाडला होता. वस्तादांनी नारळ हातात घेऊन चाचपला.

"वाल्मीक मागच्या साली लडला," ते म्हणाले. "औंदा नव्या खलिफाला जाऊ द्या. का रं, वाल्मीक?"

एका शब्दात वाल्मीकला हे थांबवता आलं असतं. त्यानं सूर्यभानकडं बघितलं. वर्षभराची आग पोटात होतीच.

"बरूबर हाय, वस्ताद," वाल्मीक म्हणाला.

सूर्यभान घरी आला तो दारातून सहज आत शिरला. दार अजिबात अरुंद नव्हतं. तो चुलीजवळ जाऊन बसला. "छबू, त्यो मला मारून टाकतो ग. मी जाऊन सांगतो. समद्यांम्होरं सांगतो की मी पांढरा हाय."

"सांगा की. तुमचं तोंड कुनी धरलंय?" छबूबाई म्हणाली. रंग तिच्याच लुगड्याचा होता, हे ती विसरली नव्हती. "पन मंग लाल अन् पांढरं वस्तादाला दिसंना, हेबी सांगावं लागंल. किशनराव दुसऱ्या दिशी कुलूप लावतेत. मंग म्हाताऱ्याला कुटं ठिवायचं तेबी आत्ताच सांगा. आपल्या बैलाजवळ?"

सूर्यभान उठला आणि त्यानं सदरा काढून खुंटीला अडकवला. मग म्हणाला, "जरा तेल दे. अंगाला लावतो."

पंचमीला मारुतीच्या देवळामागं फड भरला. पावसानं उघडीप दिली होती. हलगी कडाडत होती. पुढं खुर्चीवर किशनराव, त्यांच्या शेजारी घोंगडीवर मुंजाजी वस्ताद, पाठीशी दिनकरराव पंच म्हणून. व्यंकटीनं शड्डू ठोकला तेव्हा बाभळीवरचे पक्षी उडाले. सूर्यभाननं शड्डू ठोकला तेव्हा कुणी तरी हसलं. त्यानं कमरेचा पटका सोडला आणि दस्तुराप्रमाणं दुसऱ्या खलिफाच्या हातात दिला. वाल्मीकनं तो दोन बोटांत धरला.

पहिल्याच झटक्यात व्यंकटीनं त्याला धोबीपछाड घातली. लोक उठून उभे राहिले, पण पाठ काही लागली नाही. सूर्यभान हवेतच वळला आणि पोटावर पडला. हा डाव त्याच्यावर शिकताना वालूरच्या पोरांनी त्याला इतक्यावेळा आपटलं होतं की कुठं वळायचं हे त्याच्या अंगाला त्याच्याआधी कळत होतं. व्यंकटीनं ढाक लावली. सूर्यभान तिच्यातून निसटला. व्यंकटीनं कलाजंग घेऊन त्याला खांद्यावर उचललं, आणि सूर्यभान खांद्यावरून मागच्या बाजूला असा ओघळला की व्यंकटी रिकाम्या खांद्यानिशी त्याला शोधू लागला.

"आरं, उभा ऱ्हा की!" व्यंकटी धापा टाकत म्हणाला.

"पाय आत घे जरा," सूर्यभान सवयीनं बोलून गेला.

हे ऐकून व्यंकटीचं डोकंच फिरलं. मग त्यानं डाव सोडून नुसती ताकद लावली. त्यानं सूर्यभानला आपटलं, रगडलं, मानेवर बसला, मातीत तोंड घासलं. पण पाठ टेकवायची म्हटली की हा गडी मुंगसासारखा उलटा. सूर्यभाननं एकदाही डाव टाकला नाही, कारण त्याला टाकता येत नव्हता. तो फक्त हरत नव्हता. हलगीवाल्यांचे हात दुखायला लागले. झरीचे लोक आधी हसत होते, मग ओरडायला लागले, मग गप्प झाले. वालूरचे पिवळे, ज्यांनी वर्षभर त्याच्यापुढं खोटं पडून दाखवलं होतं, ते आता फडाच्या कडेला येऊन घसा फोडून ओरडत होते. व्यंकटीच्या पायात गोळा आला. तो खाली बसला आणि उठता उठेना. सूर्यभानलाही उठता येत नव्हतं. दोघे समोरासमोर बसून एकमेकांकडं बघत राहिले.

दिवे लागायला आले तेव्हा दिनकररावांनी पुढं होऊन कुस्ती बरोबरीत सोडवली.

वालूरकरांनी सूर्यभानला खांद्यावर घेतलं. झरीच्या खलिफापुढं वालूरची पाठ लागली नव्हती, त्या साली हे दुसऱ्या कुठल्याच गावाला जमलं नव्हतं. कुणी त्याला फेटा बांधला, कुणी नारळ दिला. बायांच्या घोळक्यात गोजरबाईच छबूबाईला घट्ट धरून उभी होती.

"त्याला हिकडं आना," वस्ताद म्हणाले. "दुपारधरनं कान लावून बसलोय. पाठ टेकल्याचा आवाजच न्हाई!"

किशनरावांनी खुर्चीतून मान वळवली. "कान?"

"हलगीचा लय गोंगाट होता, बाबा," दिनकरराव घाईनं म्हणाले.

सूर्यभाननं वस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं. कानात माती, दाढीत माती, एक डोळा सुजून मिटलेला. इतकी वर्षं हुकलेला मान आज त्यानं खरोखरीच कमावला होता, आणि त्याच्या तोंडून शब्द निघून गेले.

"वस्ताद, आता बांधा."

"काय बांधू?"

"लाल पटका. तुमच्या हातानं."

वस्तादांचा चेहरा गोंधळला. "आरं, पन तुला तर बांधलाय की. एकडाव बांधला की पुन्ना बांधत नसतेत."

सूर्यभाननं वर बघितलं. वस्तादांच्या खांद्यामागं किशनराव खुर्चीत पुढं झुकून, डोळे बारीक करून ऐकत होते. एक शब्द पुरे होता. तुम्ही नाही बांधला, वस्ताद, लुगड्यानं रंगवला, तुम्हाला दिसलं नाही. एवढं बोललं की आज, इथं, सगळ्यांसमोर खरा पटका कमरेला आला असता. आणि उद्या तालमीत कापूस. आयुष्यात कुणी त्याला इतकं जोरात आपटलं नव्हतं.

"बांधलाय, वस्ताद," तो म्हणाला. "म्या आपलं उगंच."

"उगंच कसं? मला त्यो दिस चांगला ध्यानात हाय," वस्ताद म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं की विसरल्याची लाज झाकत होते, देव जाणे. "भुरभुर पाऊस होता. तू म्होरं आलास, पोट आत वडून हुबा ऱ्हायलास. म्या गाठ मारली अन् तू रडाय लागलास. म्या म्हनलो, येड्या, खलिफा रडत नसतो. आठवतं न्हवं?"

सूर्यभाननं मान हलवली. बोलता त्याला येत नव्हतं, आणि हलवलेली मान वस्तादांना दिसत नव्हती. उत्तर आलं नाही तसा म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. अंधारात पायरी चुकल्यासारखे त्यांचे हात पुढं चाचपू लागले. किशनराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

"वाल्मीक," वस्ताद हळूच म्हणाले, "तू तर होतास तितं. आठवतं न्हवं तुला?"

वाल्मीक गुलाबी पटका घेऊन जवळच उभा होता. हा एक प्रश्न कुणी तरी आपल्याला विचारावा म्हणून त्यानं वर्षभर वाट बघितली होती. त्यानं खाली बघितलं. सूर्यभान मातीनं भरलेलं तोंड दोन्ही हातांनी झाकून लेकरासारखा रडत होता.

"आठवतंय की, वस्ताद," वाल्मीक म्हणाला. "पटका म्याच तुमच्या हातात दिला होता."